जोडीची इरकल

खारघर,
६ ऑक्टोबर २०२४

नंदे,

आशीर्वाद नेहमीचाच आहे, तो परत परत लिहून शाई घालवत नाही. फोनवर बोलायचं मी बंद केलंय. कानात ते मशीन घातलं की तू विहिरीतनं बोलल्यागत ऐकू येतेस, आणि बोलतेस काय, तर "मस्त आहे आज्जी, मस्त आहे." कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस कंटाळतं आणि खरं लिहून मोकळं होतं. म्हणून पत्र. तिसरी नापास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लाव.

तुझ्या बापानं तुझा फोटो छापून आणला. मी शिवलेला गोधडीचा कोट अंगात दिसला, बरं वाटलं. खांद्यात सैल आहे. तू वाळलीस का मी मापाला चुकले, ते कळव.

पण मला दुसरंच विचारायचंय. तुझ्या शेजारी ती कोण उभी आहे? तुझ्यासारखेच कानापर्यंत भादरलेले केस, तसलेच पिवळे बूट, तसलाच चौकड्याचा रुमाल गळ्यात. आणि चांदीचा एक मासा तुझ्या डाव्या कानात, दुसरा तिच्या उजव्या. भिंग लावून बघितलं मी. एवढ्या लांब आयर्लंडात जाऊन एक जोड कानातलं दोघींत वाटून घ्यायची वेळ आली का? नर्सचा पगार देतात ना तिथं? तुझी आई म्हणते, आई, ती फॅशन असते. नमिताला दुधाची पिशवी वेगळ्या रंगाची आली तरी फॅशनच वाटते.

कोट मशीनमध्ये टाकायचा नाही. थंड पाणी, हात. खाली उजव्या कोपऱ्यात बोटाला बारीक खडे लागतील. ते खडे नाहीत, ज्वारीचे दाणे आहेत. गोधडीचा शेवटचा कोपरा चार दाणे घालून मगच शिवायचा, ही माझ्या आईची रीत. उपाशी गोधडी ऊब देत नाही, म्हणायची. खरं-खोटं तिला ठाऊक. तू उकरू नकोस.

राहीबाई


गॉलवे,
२८ ऑक्टोबर २०२४

आज्जी,

तुझं पत्र पंधरा दिवसांनी आलं आणि किचनमध्ये उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मी बारीक नाही झाले, तूच मापाला चुकलीस. पण सैल आहे ते बरंय, आत स्वेटर बसतो.

ती मारिसेल. फिलिपिन्सची आहे. माझ्यासारखीच नर्स, एकाच नर्सिंग होममध्ये, आणि राहतोही एकाच घरात, शेजारशेजारच्या खोल्यांत. मी आले तेव्हा माझ्याकडे पावसाचे बूट नव्हते आणि तिच्याकडे धड स्वेटर नव्हता. दोघींचा साइज सेम. मग काय, महिनाभरात दोन कपाटांचं एकच झालं. आता खरेदीला गेलो तरी दोन-दोन घेतो. कानातले मासे तिच्या आईचे आहेत. ती म्हणते, दोन्ही माझ्याकडे राहिले तर दोन्ही हरवतील, एक तू सांभाळ. पगाराचं टेन्शन नको घेऊस.

नर्सिंग होममध्ये राहणारे आमचे डॉलन आजोबा रोज गोंधळतात. मी दुपारी ड्युटीवर आले की म्हणतात, अगं, तू आत्ताच घरी गेलीस ना? आम्ही दोघीही "हो" म्हणतो.

आज्जी, एक काम आहे. मारिसेलला वीस मार्चला तिसावं लागतंय. तिला माझ्यासारखाच कोट शिवून देशील? पण अगदी सेम हवा. हीच हिरवी, हाच तांबडा काठ. दुसरा रंग नको, प्लीज. जुनीच साडी होती ना, थोडी उरली असेल की. ती माझा कोट घालून बघते तेव्हा त्या ज्वारीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत बसते.

तुझी,
नंदिनी


खारघर,
१८ नोव्हेंबर २०२४

नंदे,

हिरवी नाही. संपली. निळी आहे, विटकरी आहे, तुझ्या आजोबांच्या दोन धोतरांचं अस्तर आहे. यातलं काय पाहिजे ते सांग.

त्या हिरव्या इरकलीची जोड जगात एकच आहे आणि ती करावे गावात गोजराच्या ट्रंकेत आहे. गोजराशी मी अकरा वर्षं बोललेली नाही. भरल्या घरात, माझ्या वास्तुशांतीला आली आणि पाण्याचा थेंब न घेता दारातनं पाठ फिरवून गेली. पंगत बसायची होती, सगळ्यांनी बघितलं. असल्या बाईच्या दारात मी चिंधी मागायला जायची नाही.

निळी चांगली आहे. निळीला काय धाड भरलीय?

राहीबाई


गॉलवे,
१५ डिसेंबर २०२४

आज्जी,

निळी नको गं.

इथे सगळीकडे लाइटिंग केलंय. चारलाच अंधार पडतो, पण रस्त्यावर मस्त वाटतं. ख्रिसमसला डबल ड्युटी आहे. डॉलन आजोबांनी मला चॉकलेटचा डबा दिला. मी मेथीचे लाडू करून बघितले, ते बसलेच नाहीत, चमच्याने खाल्ले. आमच्या घरात केट म्हणून नवीन मुलगी राहायला आलीय, इथलीच आहे, खूप बोलते, तिच्या ग्रुपमध्ये मलाही घेतात. नवीन काळा कोट घेतलाय, इथे सगळे तसाच घालतात. मारिसेल बरी आहे.

तुझ्या कोटाची काखेत शिवण उसवली, म्हणून शिवायला घेतला. आत बघितलं तर कापडाच्या कडेला दुकानाचा जांभळा शिक्का आहे, अगदी ताजा. आणि घडीची रेघसुद्धा. आज्जी, ती साडी जुनी नव्हती. एकदाही धुतलेली नव्हती. नवी कोरी नऊवारी कापून कोणी गोधडी करतं का?

गोजरा आजी मला चांगली आठवते. चाळीत त्यांच्याच ओट्यावर तर वाढले मी. त्या उगीच न जेवता जाणाऱ्या वाटत नाहीत. नक्की काय झालं होतं?

नंदिनी


खारघर,
९ जानेवारी २०२५

नंदे,

पोरगी शिकवून नर्स केली की ती शिवणीतसुद्धा दुखणं शोधते. बरं, ऐक.

तुझे आजोबा तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहायला आले आणि आम्ही करावे गावात गोजराच्या चाळीत खोली घेतली. साताऱ्याची मी. माझं लुगडं घोट्यापर्यंत. तिथल्या बायकांचं गुडघ्यापर्यंत, खाडीच्या चिखलात उतरायचं असायचं त्यांना. त्यांची बोली मला कळायची नाही, माझ्या भाकरीला त्या हसायच्या. तू विमानानं सात समुद्रापार गेलीस, मला करावे गाव तेवढंच लांब होतं. वर्षभर मी कोणाशी बोलले नाही. एक दिवस चिखलात माझा काठ लडबडला आणि गोजरा म्हणाली, वर खोच की, पाय काय झिजतात? मी वर खोचलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तिनं आपलं खाली सोडलेलं. दोघींचंही पोटरीच्या मध्यावर आलं. ना माझ्या गावचं ना तिच्या. मग तेच ठरून गेलं. तिच्यासारखी अबोलीची वेणी मी माळायला लागले, माझ्यासारखं आडवं कुंकू ती लावायला लागली. दर दिवाळीला एका ठाणातल्या दोन साड्या. गावात म्हणायचे, लांबून कळत नाही कोण कुठली ते. आम्हाला तेच पाहिजे होतं.

मग तुझ्या बापानं खारघरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला दोघींनी हिरवी इरकल नेसायची, असं ठरलं. दोघी दुकानात जाऊन घेऊन आलो. त्या दिवशी सकाळी मी ती ट्रंकेत ठेवली आणि गुलाबी पाचवारी नेसले. गोल.

मी सगळ्यांना सांगत आले, सुनेनं हट्ट केला म्हणून. नमितानं एवढंच विचारलं होतं, आई, पाचवारी नेसून बघता का? हट्ट माझा होता. लिफ्टमधनं येणाऱ्या बायकांत मला फ्लॅटवाली दिसायचं होतं. चाळवाली नको होतं.

गोजरा दारात आली. हिरवी, तांबडा काठ, पोटरीपर्यंत, डोक्यात वेणी. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाली, "घर चुकला वाटतं माजा." आणि गेली. मी हाक मारली नाही. शेजारची बाई विचारत होती, कोण होत्या त्या? मी म्हणाले, जुन्या गावातल्या आहेत.

हे शेवटचं तिनं जिन्यात ऐकलं असेल का, ते मला माहीत नाही. लिफ्ट तिला चालवता यायची नाही, जिन्यानंच गेली असणार.

ती साडी नंतर नेसवेना आणि फेकवेना. म्हणून तुझा कोट केला. तुझ्या अंगावर तरी खपेल म्हटलं.

आता तू सांग. दोन पानांचं पत्र लिहिलंस, लाडू, लाइटिंग, चॉकलेट, केट, आणि मारिसेल एका ओळीत. "बरी आहे." नवा काळा कोट. मग हिरव्यासाठी एवढा जीव का काढतेस? काय केलंस तिला?

राहीबाई


गॉलवे,
२ फेब्रुवारी २०२५

आज्जी,

तू म्हणाली होतीस ना, कागदावर माणूस कंटाळून खरं लिहितं. घे.

केट ऑक्टोबरमध्ये आली. पहिल्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्या किचनमध्ये. कोणीतरी हसत विचारलं, तुम्ही दोघी जुळ्या का? कोण कोणाची कॉपी करतं? मी म्हणाले, "ती माझी करते. तिला दुसरं काही सुचत नाही." सगळ्या हसल्या. मला खूप भारी वाटलं, आज्जी. एक सेकंदच. मागे वळले तर मारिसेल दारात होती, हातात माझाच चहा.

आणि ते खोटं होतं. केस आधी तिने कापले होते. पिवळे बूट तिचे, रुमालही तिने शोधलेला. मी इथे आले तेव्हा पहिले काही आठवडे कॉलेजचे दोन कुर्ते आलटून पालटून घालत होते. आरशात बघून लाज वाटणार नाही अशी मला तिने केली. माझ्याकडचं तिला आवडलेलं एकच होतं, तुझा कोट.

ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी माझे कपडे इस्त्री करून माझ्या खोलीत आणून ठेवले. नंतर वरच्या मजल्यावरची खोली घेतली. ड्युटीही बदलून घेतली. भेटली की हसते. पण मासा तिने कानात घालायचं बंद केलंय. माझ्याकडचा मी ठेवलाय, परत मागितला नाही तिने. डॉलन आजोबांनी विचारलं, तुम्ही आता दोन झालात का?

पहिल्या पत्रात मी तुला सगळं चांगलं लिहिलं, ते झाल्यावर लिहिलं होतं. वाटलं कोट दिला की न बोलता सगळं ठीक होईल.

आता निळा पाठवलास तरी चालेल.

नंदिनी


खारघर,
१ मार्च २०२५

नंदे,

न बोलता काही ठीक होत नाही. झालं असतं तर माझं अकरा वर्षांत झालं नसतं?

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून करावे गावाला गेले. मॉलपर्यंत रस्ता ओळखला, पुढं कुठली चाळ आणि कुठलं काय. चाळीच्या जागी चार मजली इमारत, वर लिहिलंय "गोजरा निवास". तिच्या पोरानं, दिपेशनं बांधली. माझ्याकडं हिरवी नव्हती, ती तुझ्या पाठीवर. म्हणून त्याआधीच्या दिवाळीची जांभळी नेसले, पोटरीपर्यंत. अकरा वर्षांनी पाय उघडे पडले, गार वाटलं.

दार तिनंच उघडलं. अंगात फुलाफुलांची मॅक्सी, खांद्यावर टॉवेल.

"कोन पायजेल?" म्हणाली. मला चांगलं ओळखलं होतं तिनं.

"गोजरा पाहिजे. लुगडं नेसायची ती. तू कोण?"

"ती मेली. तुज्या वास्तुशांतीच्या दिशी."

"मेलीस तर दारातनं सर. माझे गुडघे दुखतात."

सरली. मी बसले. म्हणाली, "पानी देऊ, का तू पन तशीच जाशील?"

दोन तांबे प्याले. मग म्हटलं, ही काय दशा करून घेतलीस, मॅक्सी काय, टॉवेल काय. तर म्हणते, "येकटीनं नेसून कोनाला दावू?"

मग जे बोलायला गेले होते ते बोलून टाकलं. गुलाबी मी माझ्या मनानं नेसले. सुनेचं नाव खोटं घेतलं. आणि तुला जुन्या गावातली म्हणाले.

"आयकला मी ते," म्हणाली. "जिन्यात."

म्हणजे ऐकलं होतं. ती उठली, आत चालू राहिलेला मिक्सर बंद करून आली. मग म्हणाली, "येवरा बोलाला अकरा वर्सा लागली तुना? खारघर काय लंडनला हाय?"

मी तुझी सगळी गोष्ट सांगितली. तिनं ट्रंक उघडून हिरवी काढली. एकदाच नेसलेली, त्या दिवशीची घडी तशीच, आत कडुनिंबाचा पाला. म्हटलं, दे. तर हात मागं घेतला. "येका पोरीच्या कोटाला आख्खी नऊवारी? मोज की. दोन म्हाताऱ्यांच्या बंड्या निगतान." मोजलं. निघतात.

चार दिवस तिच्याकडंच राहिले. तुझ्या बापानं तीनदा फोन केला. कापून, थर लावून, धावदोरा घालत दोघी दोन बाजूंनी आलो. तिचे टाके मोठे आहेत, पहिल्यापासून. उसवले नाहीत मी, डाव्या बाहीवर दिसतील. शेवटच्या कोपऱ्यावरून भांडण झालं. मी ज्वारी घेऊन गेले होते. ती म्हणते, आमच्यात तांदूळ, ज्वारी काय कोंबड्यांना घालू? एक तास गेला यात. शेवटी उजव्या कोपऱ्यात ज्वारी, डाव्यात तांदूळ. सांग तुझ्या मारिसेलला.

आता नीट वाच. कोट आधी द्यायचा नाही. आधी त्या केटला स्वयंपाकघरात बसव, मारिसेलला खाली बोलव, आणि जे खोटं जिच्यासमोर बोललीस तिच्याचसमोर खरं बोल. केस कोणी आधी कापले, बूट कोणाचे, सगळं. बोलताना रडू नकोस. रडलीस तर तिला तुझी समजूत काढावी लागेल, आणि मग वाढदिवस कोणाचा? मग कोट दे. नाही घेतला तर तिच्या दाराशी ठेवून ये आणि पुढच्या महिन्यात परत विचार. अकरा वर्षं थांबू नकोस. तेवढी तुझ्याकडं असतील, पण वाया कशाला घालवायची?

राहीबाई
(आणि गोजरा. ती सांगते, तू लहानपणी तिच्या ओट्यावर मुतायचीस ते लिही.)


गॉलवे,
३० मार्च २०२५

आज्जी,

पार्सल सतरा तारखेला आलं. वीसला संध्याकाळी, दोघींची ड्युटी संपल्यावर, तू सांगितलंस तस्संच केलं. केट म्हणाली, अरे, ते मी कधीच विसरले होते. मी म्हणाले, मी नाही. आणि सगळं सांगितलं, केसांपासून. रडले नाही. आवाज थोडा फाटला, तेवढं चालेल ना?

मारिसेलने ऐकून घेतलं. कोट घेतला, उलटापालटा केला, डाव्या बाहीचे मोठे टाके बघितले आणि विचारलं, हे वेगळ्या हाताचे आहेत का? मी म्हणाले, हो, माझ्या आजीच्या मैत्रिणीचे. मग तिने दोन्ही कोपरे चाचपले. एकात ज्वारी आहे, एकात तांदूळ, म्हटल्यावर तिने तांदळाचा कोपरा मुठीत घट्ट धरला. तिच्या घरीही गोणी रिकामी होऊ देत नाहीत, तळाला मूठभर ठेवतातच, म्हणाली. "थँक यू" म्हणाली आणि वर गेली.

मला वाटलं, संपलं. आता पुढच्या महिन्यात परत विचारायचं.

सकाळी सहाला दार वाजलं. मारिसेल, हिरव्या कोटात. हाताची मूठ उघडली, त्यात तिचा मासा. विचारलं, "आज डावा की उजवा?"

डॉलन आजोबांनी आम्हाला दोघींना एकत्र बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, आली का परत!

हो. आज्जी, तुझ्यामुळे.

नंदिनी

ता. क. गोजरा आजींना सांग, ओट्याचं साफ खोटं आहे.


खारघर,
१९ एप्रिल २०२५

नंदे,

ओट्याचं खरं आहे. मी पुसायचे.

माझ्यामुळं वगैरे लिहू नकोस, तोंड तुझं होतं. आवाज फाटला तेवढा चालतो.

सोबत फोटो आहे. सीवूड्सच्या स्टुडिओत जाऊन काढला. त्या फोटोवाल्यानं विचारलं, आज्जी, तुम्ही बहिणी का? गोजरा म्हणाली, "हां, जुल्या." मी म्हणाले, "हिनं माझी नक्कल केली." तिनं मला सगळ्यांसमोर कोपरानं ढोसलं, म्हणून माझं तोंड वाकडं आलंय. परत काढ म्हटलं तर ही परत बसायला तयार नाही.

दिवाळीला इरकल घ्यायची ठरलीय, विटकरी. चार घेणार आहोत. दोन तिकडं पाठवू. त्या पोरीला नेसवायला तू शीक, पोटरीपर्यंत.

आणि फोटो बघून एक लेखी कळव, मला इथं दाखवायचं आहे. गोजरा म्हणते, तिची बंडी माझ्यापेक्षा जास्त हिरवी आहे. एकाच साडीची आहे, सांग तिला.

राहीबाई